चढावरचा आवाज

"साधं की प्रीमियम?" पंपावरच्या बाईने विचारलं. मास्तरांनी खिडकीतून हात बाहेर काढून "साधं" म्हटलं, आणि बाई नळी उचलायची सोडून गाडीच्या बॉनेटकडे बघत राहिली. डोक्यावर टोपी, हातात मळके मोजे, चाळिशी उलटलेली असेल. "काका, प्रीमियम घ्या. मागे एवढं वजन आहे, पुढे अख्खा चढ आहे. आत्ता त्या वळणावरून वर आलात ना, तर इथपर्यंत ऐकू येत होती तुमची गाडी. डब्यात खिळे भरून हलवावेत तशी." मास्तरांना हसूच आलं. मागे हौद्यात ताडपत्रीखाली, दोरांनी जखडलेला, शाळेचा पियानो होता. दुरुस्तीसाठी आणलेला, आता परत चाललेला. उभा जन्म त्यांनी पियानोंचे सूर लावण्यात घालवला होता. दुसऱ्या खोलीतल्या पियानोची एक तार केसभर उतरली तरी जेवता जेवता त्यांचा घास हातात थांबायचा. त्यांना मास्तर हे नाव पडलं होतं ते त्यामुळेच. शाळेत शिकवत ते कुणालाच नव्हते. त्यांना कुणी राजकारणातलं शिकवावं, चपला कुठे घ्याव्यात ते शिकवावं, पण आवाजातलं? "बाई, मी पियानो लावतो," ते म्हणाले. "गाडी वाजत असती तर सगळ्यांत आधी मला कळलं असतं." आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे ते वळले, भिंतीला टेकावं तसे, भिंत तिथे असणारच हे धरून. "काय गं?" बायको समोरच्या काचेतून बघत होती. तिने मांडीवरची पिशवी नुसती जवळ ओढली, आणि मग खिडकीतून वाकलेल्या त्या बाईकडे एकदा पाहिलं. दोन बायकांनी एकमेकींकडे बघावं तसं, आणि मध्ये जणू एखादं लहान मूल बसलं आहे.

धक्का बसला तो इथे. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं त्यांना झालं. "साधंच भरा," ते जरा मोठ्याने म्हणाले. बाईने खांदे उडवले आणि नळी लावली. टाकीत पेट्रोल जाताना होणारा घुळघुळ आवाज त्यांना व्यवस्थित ऐकू आला. बरं वाटलं. मागच्या गाडीचं दार आपटलं, तेही ऐकू आलं. कुत्रं भुंकलं. सगळं जागच्या जागी होतं. मग ही बाई काय म्हणत होती? गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने त्यांना नीट समजावलं होतं. टर्बो आहे, मास्तर, इंजिनात हवा नुसती जात नाही, कोंबली जाते. दाब वाढला की पेट्रोल आपली पाळी येण्याआधीच पेटतं आणि आत टिकटिक ठोके पडतात. प्रीमियम दमाने घेतं, वेळ झाल्याशिवाय पेटत नाही. रिकामी गाडी असेल तर साधं चालेल, इंजिनाला स्वतःचा एक कान असतो, सेन्सर, ठोका ऐकला की ते स्वतःला सावरतं. पण ओझं आणि चढ असला की प्रीमियमच घाला. कानाचं हे मास्तरांना फार आवडलं होतं. काही दिवस त्यांनी प्रीमियम घातलं, आणि मग मुलीचं लग्न होऊन घर रिकामं झालं त्या सुमारास एकदा मुद्दाम साधं भरून, काचा बंद करून, ओझ्यासकट याच चढावर गाडी घातली होती आणि जिवाचा कान करून ऐकलं होतं. काहीही नाही. टिकटिक नाही, खडखड नाही, लोण्यातून सुरी. तेव्हापासून चारचौघांत ते सांगत आले होते, प्रीमियम हा भोळ्या लोकांसाठी काढलेला माल आहे, मी माझ्या कानाने खात्री करून घेतली आहे. त्या वेळीही बायको शेजारीच होती. तेव्हा तिचा चेहरा कसा होता? त्यांना आठवेना. त्यांनी पाहिलाच नव्हता. ते ऐकत होते.

पंप मागे पडला. आता मागे फिरून ‘बाई, प्रीमियम घाला’ म्हणणं शक्य नव्हतं. तोंडावर पडणं म्हणजे तेच. पण खरं कारण ते नव्हतं. त्यांना बघायचं होतं. चढ सुरू झाला तशी त्यांनी काच खाली केली, वारा आत आला, त्यांनी काच पुन्हा वर केली. पियानोच्या वजनाने गाडी मागे बसली होती. त्यांनी गिअर तसाच ठेवला आणि पाय दाबला. इंजिनाचा खर्ज त्यांच्या तळपायातून वर आला, टर्बोची शीळ मात्र येते म्हणतात ती आली नाही, आणि ती कधीपासून येत नाही हेही त्यांना सांगता येईना. खर्ज स्वच्छ होता. त्यांनी हळूच डावीकडे पाहिलं. बायकोचा जबडा आवळला होता. पाटीवर नख ओढलं जात असताना माणूस बसतो तशी ती बसली होती, आणि आपण तसे बसलो आहोत हे दिसू नये म्हणून बाहेर बघत होती. त्यांनी पाय उचलला. तिच्या गालाचा स्नायू सैल पडला. पाय दाबला. तिच्या पापण्या मिटल्या, मान किंचित खांद्यात गेली. उचलला. मान वर आली. रस्त्यावर लक्ष ठेवायला हवं होतं, पण त्यांना थांबवेना. दाब, आवळ, सोड, सैल. तिला काही ठाऊक नव्हतं, ती आपली खिडकीबाहेरची झाडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर त्यांच्याच गाडीचं इंजिन ठोके देत होतं, एकेक, वेगळा, मोजता येईल असा. स्टिअरिंग थंड लागत होतं आणि कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, आणि आत, कानांच्या आत, छान शांतता होती.

ही शांतताच त्यांना भयंकर वाटली. हात तुटला तर हात नसल्याचं दिसतं, डोळा गेला तर अंधार तरी असतो. इथे काहीच रिकामं दिसत नव्हतं. जे येत नव्हतं त्याच्या जागी भोक नव्हतं, जग सगळीकडून शिवून टाकल्यासारखं पुरं होतं. मग काय काय गेलं असेल? त्यांना एकदम रातकिडे आठवले. घरामागच्या मोकळ्या जागेत इमारतीचं काम सुरू झालं तेव्हापासून रातकिडे बंद झाले होते. म्हणजे त्यांनी तसं ठरवलं होतं. शेजाऱ्याला त्यांनी कुंपणावरून सांगितलं होतं, बघा, या बांधकामाने रातकिडेसुद्धा पळवून लावले, आणि शेजारी थोडा वेळ त्यांच्याकडे बघून म्हणाला होता, "हो, असेल." असेल! जावयाला सांगितलं होतं. मुलीच्या सासूला, जेवणाच्या टेबलावर, पर्यावरणावर दहा मिनिटं ऐकवलं होतं, आणि टेबलाभोवतीची माणसं खाली ताटात बघत होती. कदाचित त्या क्षणी खिडकीबाहेर रातकिडे कर्कश ओरडत असतील. कुणी म्हणालं नाही, मास्तर, अहो हे काय ओरडतायत. बायको म्हणाली होती, "हो ना, पूर्वी किती असायचे." म्हणजे ते एकटेच एका घरात राहत होते आणि बाकी सगळे दुसऱ्या घरात, आणि ती दोन्ही घरं एकाच पत्त्यावर होती. आणि फोन. गेलं वर्षभर माणसं फोनवर तोंडात गुळणी धरल्यासारखी बोलतात अशी त्यांची तक्रार होती. एका हॉटेलवाल्याने सहाला या म्हटलं आणि ते दहाला गेले, आणि वर त्यालाच झापून आले, की बाबा रे, एक काय ते ठरवून सांगत जा. त्यानंतर कधीतरी बायको म्हणाली होती, फोन मी घेत जाईन, तुमचे हात कामात असतात. आणि बरोबर यायला लागली. घरी एकटीला करमत नाही, म्हणाली. मुलगी गेल्यामुळे असेल, असं धरून मास्तरांनी मोठ्या मनाने तिला गाडीत जागा करून दिली होती.

"गिअर बदलता का?" ती म्हणाली. त्यांच्याकडे तोंड करून, जरा सावकाश, एकेक अक्षर मोकळं करून. हल्ली ती अशीच बोलते हे त्यांना आता दिसलं. त्यांना वाटत आलं होतं की वयाने बायको शांत झाली. त्यांनी गिअर खाली घेतला. इंजिन मोठ्याने गरगरलं, चाल मंदावली, आणि तिचा चेहरा हळूहळू पूर्ववत झाला. उरलेला चढ मास्तरांनी तसाच चढवला, एक डोळा रस्त्यावर, एक तिच्या गालावर. तो आवळू लागला की पाय उचलायचा. गाडी सुरळीत वर आली.

शाळेच्या फाटकाशी दोन शिपाई आणि एक फळी तयार होती. पियानो उतरवताना मास्तरांनी नेहमीसारखा आरडाओरडा केला, कोपरा सांभाळा, अरे चाकावर नको, उचला. ओरडल्याने बरं वाटलं. संगीताची खोली लांबट होती, खिडक्यांना निळे पडदे, भिंतीला मुलांच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. संगीत शिकवणाऱ्या बाई नव्या होत्या, गेल्याच वर्षी लागलेल्या, बोलताना हात फार हलवायच्या. मास्तरांनी पियानोची पुढची फळी काढली, शेजारच्या तारा गप्प राहाव्यात म्हणून मध्ये फेल्टची फीत सरकवली, सूर लावायची चावी तारेच्या खुंटीवर बसवली आणि मधल्या सप्तकापासून सुरुवात केली. आणि कान परत आले! दोन तारा वाजल्या, मध्ये तो ओळखीचा डोल उठला, वां-वां-वां, मास्तरांनी चावीवर जरा भार दिला तसा डोल लांबला, आणखी लांबला, आणि थांबला. दोन तारांची एक तार झाली. डोळे मिटून त्यांनी श्वास सोडला. काही झालेलं नव्हतं. एखादा ठोका राहिला असेल इंजिनाचा, लोखंडाचं ते, त्याचं काय. ज्या म्हाताऱ्याकडे ते शिकले तो सांगायचा, सूर लावला की पट्टी जोरात ठोक, दया करू नकोस, ठोका बसल्याशिवाय तार जागेवर राहत नाही. मास्तर आयुष्यभर ठोकत आले होते, एकेक पट्टी, कान अगदी तारेजवळ नेऊन. म्हातारा शेवटी शेवटी कुणी हाक मारली तर ओ देत नसे. सगळे त्याला शिष्ट म्हणायचे. मास्तरांचा हात पट्टीवर थांबला. शिष्ट म्हणायचे. त्यांनीही म्हटलं होतं.

ते वरच्या सप्तकाकडे सरकले. तेवढ्यात बाई चहाचा पेला घेऊन आल्या. "मास्तर, एक विचारायचं होतं. ते दुसरे उद्याच येतील ना? म्हणजे मी खोली उघडी ठेवायला सांगते. मागच्या खेपेला कुलूप होतं, बिचारे तासभर बाहेर बसले होते."

"कोण दुसरे?"

"ते हो, बारीकसे, चष्म्याचे. तुमचं झालं की वरच्या पट्ट्या लावायला येतात ते." बाईंनी वरच्या पट्ट्यांच्या दिशेने हात हलवला. "आधी मला वाटलं, ही काय पद्धत? पण मग म्हटलं, डॉक्टरांचं नाही का, दाताचे वेगळे, डोळ्यांचे वेगळे. तुमचं खालचं, त्यांचं वरचं, असंच ना?"

दाराशी बायको उभी होती. तिने हात उचललेला मास्तरांना दिसला, बाईंना थांबवायला उचललेला, आणि तो तसाच हवेत राहिलेला. बारीकसे, चष्म्याचे. काडी. मास्तरांच्या हाताखाली सात-आठ वर्षं काढलेला काडी, ज्याला त्यांनी दुकानातून घालवला होता, कारण तो सूर लावायला मोबाइलवरचं यंत्र वापरायला लागला होता. "कान नाहीत का तुला?" असं गिऱ्हाइकासमोर विचारून घालवला होता. तो काडी वर्षभर त्यांच्या मागोमाग घरोघर, शाळाशाळांतून, हॉटेलांतून फिरत होता, त्यांनी लावलेलं पुन्हा लावत होता, कुलूप असलं तर बाहेर बसत होता. मास्तरांना वाटलं आपण खाली बसू. पण ते बसलेलेच होते. "हो," ते बाईंना म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना कुठून तरी लांबून आला. "असंच." बाई हसल्या, चहा टेबलावर ठेवला, आणि वर्गावर जायला हवं म्हणून निघून गेल्या.

खोलीत दोघंच उरली. बायको आत आली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली.

"किती जणांना माहीत आहे?" मास्तरांनी विचारलं.

"आहे बऱ्याच जणांना."

"मुलीला?"

"तिनेच आधी ओळखलं. लग्नाच्या आधीच. घरच्या पियानोवर बसली होती, म्हणाली, आई, बाबांनी वरचे सूर कसे लावलेत गं हे."

त्या वेळचं मास्तरांना आठवलं. मुलगी त्यांनाही म्हणाली होती, बाबा, वर जरा चढलंय का? आणि ते हसून म्हणाले होते, तुझा कान कच्चा तो कच्चाच. तिने झाकण लावलं होतं. "आणि मला कुणी सांगायचं नाही?" ते ओरडले. "सगळ्यांनी मिळून माझा खेळ मांडलात? मी मूल आहे? काय आहे मी?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"दोनदा सांगितलं." बायको आता आत आली, त्यांच्या समोर येऊन, उजेडात उभी राहिली, म्हणजे तिचे ओठ दिसावेत. "पहिल्यांदा म्हटलं, तर तुम्ही नुसते हसलात, आणि पेपर वाचायला लागलात. दुसऱ्यांदा तुम्ही बूट घालत होतात. मी म्हटलं, अहो, एकदा कान तपासून घेऊ या. तुम्ही म्हणालात, हो हो, येताना आणतो. आणि साबण घेऊन आलात."

"साबण?"

"तीन वड्या." तिचा आवाज फाटला, हसून की कशाने ते मास्तरांना कळेना. "मोठ्या आनंदाने पिशवीतून काढून दिल्यात. पुढे माझी हिंमत झाली नाही हो. काय सांगायचं? तो साबण संपेपर्यंत मी न्हाणीघरात रोज रडले."

त्यांना तो साबण आठवत होता. आपण बायकोचं कसं लक्षात ठेवतो याचं त्यांना त्या दिवशी कौतुक वाटलं होतं. राग कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. तो काडीवर ठेवून पाहिला, तिथे राहिना. बायकोवर ठेवता येईना. मग तो खाली पडला आणि त्याच्या जागी फक्त भीती उरली, साधी, लहानपणी गर्दीत हात सुटल्यावर वाटते तशी. "काडीला तू पैसे देतेस?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली, नाही. "घेत नाही. विचारलं तर म्हणतो, मास्तरांचा मधला भाग अजून कुणाला जमत नाही, तो ऐकायला मिळतो तेवढं बास."

मास्तर पियानोकडे वळले. मधलं सप्तक लावून झालेलं होतं. त्यांनी उजवा हात त्यावर ठेवला, न वाजवता. बाहेर मैदानावर मुलं ओरडत होती, ते ऐकू येत होतं, पण त्यांच्या ओरडण्यावर आणखी काहीतरी असणार, शिट्टी असेल, पाखरं असतील, आणि ते विचारायचं तर हिलाच विचारावं लागेल, आता आणि यापुढे. जन्मभर गाडी तिच्या गालाकडे बघून चालवायची. किंवा दवाखान्यात जाऊन कानात यंत्र घालून घ्यायचं, ज्या यंत्राच्या नावाने त्यांनी एका पोराला उंबऱ्याबाहेर काढलं. "फोन लाव त्याला," ते म्हणाले.

"आत्ता?"

"लाव म्हणतो ना. आणि आवाज मोठा कर."

फोन बराच वेळ वाजला. मग काडीचा आवाज आला. तो "काकू" असं म्हणाला, म्हणजे रोजचं बोलणं असणार. मास्तरांनी बायकोच्या हातातून फोन घेतला आणि पियानोच्या झाकणावर ठेवला. "काडी, मी बोलतोय." पलीकडे काहीच आलं नाही. इतका वेळ काही आलं नाही की मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, तो बोलतोय का, मला येत नाहीये का, असं. तिने मान हलवली. तो खरोखरच गप्प होता. "शाळेत आहे मी," मास्तर म्हणाले. "संगीताच्या खोलीत. मधलं झालंय. वरचं राहिलंय."

"हो," काडी म्हणाला. मग घसा साफ करून म्हणाला, "येतो मी. कुठल्या पट्टीपासून माझ्यासाठी ठेवलंय, मास्तर?"

आपल्याला कुठपर्यंत ऐकू येतं हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. आजवर ते वरपर्यंत जात आले होते, हाताला सवय होती म्हणून, चावीला किती पीळ लागतो ते मनगटाला ठाऊक होतं म्हणून, आणि जे ऐकू येत नव्हतं ते आठवणीतून भरून काढत. वरच्या पट्ट्यांचा लाकडी ठक्‌ आवाज येई, त्यालाच ते सूर समजत होते. "थांब," ते म्हणाले, "बघून सांगतो." बायको खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. मास्तरांनी फेल्टची फीत काढून ठेवली, मधल्या सप्तकाच्या शेवटच्या पट्टीवर बोट ठेवलं, दाबलं, आणि सूर संपेपर्यंत थांबले. मग तिच्या पुढची. फोनमध्ये काडी वाट बघत होता. मास्तर एकेक पट्टी वर चालले.